करंड्याच्या झाकणावरचा कळस
(मंडळाच्या मासिक सभेत उद्योग-विभागातर्फे केलेले भाषण)



संक्रांतीच्या वाणासाठी सावंतवाडीकडच्या कातारी कारागिराकडून लाखेच्या रंगाचे लाकडी करंडे करवून घ्यायचे आपल्या विभागाने ठरविले आहे. आलेले तीन नमुने या टेबलावर मांडले आहेत. मघापासून पाहते आहे, बहुतेक जणी उंच कळसाच्या नमुन्याकडेच वळताहेत. तो ऐटदार आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तो घेऊ नये असे माझे मत आहे, आणि ते का, एवढेच मला सांगायचे आहे. मागणी शंभर करंड्यांची आहे. पैसे मंडळाचे आणि मेहनत त्या कारागिराची. न खपलेला माल त्याच्या माथी परत मारणे आपल्याला शोभणार नाही.

करंडा झाकणासकट तीन इंच उंच आहे आणि या नमुन्याचा कळसही बरोबर तीन इंच. दोन्ही सारखे झाले की डोळ्याला कळत नाही, मुख्य कोण? भांड्यावर कळस आहे की कळसाखाली बैठक आहे? पहिल्या नमुन्यात उलट झाले आहे. अर्ध्या इंचाचे बोंड! अंगाने भरलेल्या बाईने चिमणीएवढा अंबाडा घालावा तसे ते दिसते. (हसू नका, आमच्याही घरात तसे अंबाडे आहेत.) जाणकार लोक आठास पाच असे प्रमाण सांगतात; ते सोनेरी गुणोत्तराच्या, म्हणजे एकास सुमारे 1.618 या प्रमाणाच्या, अगदी जवळचे आहे. ते काही व्रत नव्हे, पण आरंभाला सोयीचे आहे. त्या हिशेबाने तीन इंचांच्या करंड्याला पावणेदोन ते दोन इंचांचा कळस पुरे.

आता आकार. पुष्कळांना वाटते, देवळाचा कळस लहान करून ठेवला की झाले. देवळाचा कळस आपण खालून, लांबून पाहतो. करंडा पाटावर असतो आणि आपण तो वरून पाहतो. वरून पाहताना फुगीर पोट खालची बारीक मान झाकून टाकते आणि सगळे मिळून एक गोळा दिसतो. म्हणून बैठकीची चकती सर्वांत रुंद, तीन इंची झाकणावर सुमारे एक इंच. पोट त्याहून अरुंद, आणि तेही मधोमध नको. खालून तिसऱ्या हिश्शावर असले की वरचा भाग निमुळता होत जायला जागा मिळते. मणी घालायचेच तर प्रत्येक वरचा मणी खालच्याहून लहान असावा. तीन सारखे मणी एकावर एक म्हणजे पाळण्याची दांडी झाली! दोन गोलाईंच्या मध्ये एक अरुंद सपाट पट्टी ठेवली की आकार स्वच्छ उठतो. मात्र ती फार बारीक मागू नका. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. त्या थराखाली नाजूक खाचा बुजून जातात. दुसऱ्या नमुन्यात तेच झाले आहे. कळसाचे माप ठीक, पण रेघा बुजलेल्या. तेवढ्या खोल करून घेतल्या की मला तो पसंत आहे.

आणखी एक गोष्ट, जी पाहून कळत नाही. उंच नमुन्याची मान जेमतेम काडीएवढी आहे. हळदीकुंकवाच्या गर्दीत आपण झाकण दोन बोटांनी उचलतो, बोटांना हळद असते, झाकण घट्ट असेल तर हिसका देतो. तो सगळा जोर मानेवर येतो. लाकडाचा उभा धागा ताण सोसतो, आडवा सोसत नाही. झाकण आडव्या फळीतून कातले आणि कळस त्यातूनच काढला, तर मानेत धागा आडवा येतो आणि ती कट्कन मोडते. म्हणून कळस उभ्या धाग्याच्या वेगळ्या तुकड्यातून कातावा, खाली खुंटी ठेवावी आणि झाकणाच्या भोकात सरसाने बसवावा. मान पाव इंचाहून बारीक नको. टोक भाल्यासारखे नको, घरात रांगती मुले असतात. आणि झाकण जरा सैल बसावे. उंच कळसाचे झाकण तबकात उलटे ठेवले की कलंडते, हेही करून पाहा. करंड्यात कुंकूच ठेवले पाहिजे असे नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या करंड्यात लवंगा-वेलदोडे असतात. पण उघडावा तर तोही रोज लागतोच.

कारागिराला नुसते तोंडी सांगू नये. पोस्टकार्डावर अर्ध्या कळसाची रेषा काढून ती कापावी, करंड्याशेजारी धरावी आणि हातभर अंतरावरून पाहावे. तशी चार कार्डे मी कापून आणली आहेत. कपाटातल्या वरच्या खणात ठेवते. ज्यांना उंच नमुनाच हवा असेल त्यांनी तो आठ दिवस घरी न्यावा, रोज ओल्या हाताने उघडावा, आणि पुढच्या शुक्रवारी परत आणावा. मते त्या दिवशी घेऊ.