ख्रिस्तजयंतीचे दान आणि आपली वृद्ध माणसे

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात, आगमनकाळातील एका रविवारी सायंकाळी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत आपण कोणत्या विषयावर बोलाल, असे मंडळाने मला विचारले तेव्हा मी तत्काळ उत्तर दिले नाही. धर्मग्रामाचा इतिहास मजहून जाणत्या माणसांनी आपणांस सांगितला आहे. देवळाच्या रंगकामाचा आणि रोषणाईचा हिशेबही वाचून झाला आहे. ख्रिस्तजयंती आता पंधरा दिवसांवर आली असून, गरजू वृद्धांना काय द्यावे याची यादी नेहमीप्रमाणे तयार होत आहे. त्या यादीविषयीच मला बोलावयाचे आहे. परंतु प्रथम माझा एक अपराध मला कबूल केला पाहिजे. एरवी तुम्ही माझ्यापाशी पापनिवेदन करता, आज घटकाभर उलटे होऊ द्या.

मी तरुण होतो आणि एका दुसऱ्या धर्मग्रामात नव्यानेच नेमला गेलो होतो. एका उदार गृहस्थांनी नाताळनिमित्त चाळीस ब्लँकेटे दिली. ख्रिस्तजयंतीच्या आदल्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, मी वेदीसमोर उभा राहून एकेक नाव पुकारले. दाते माझ्या उजव्या हाताला, छायाचित्रकार डाव्या हाताला. म्हातारी माणसे काठी टेकीत पुढे येत आणि ब्लँकेट घेऊन परत फिरत. त्यांत एका विधवा आजीचे नाव होते. लाल लुगडे नेसून दर रविवारी त्या दुसऱ्या बाकावर बसत. मी नाव पुकारले. आजी उठल्या नाहीत. पुन्हा पुकारले, तरीही नाही. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “आजीबाईंना ऐकू येत नसावे,” आणि मंडळी हसली. आजी उठल्या, ब्लँकेट घेतले, वेदीला वंदन केले आणि बाहेर गेल्या.

त्यानंतर तो दुसरा बाक रिकामा राहू लागला. तीन राजांच्या सणापर्यंत मला त्याचे कारण कळले नाही. मग एका शिक्षकाने सांगितले की, त्या पहाटे उठून शेजारच्या गावच्या देवळात पायी जातात. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओटीवर पाट दिला, आत जाऊन चहा केला, आणि कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “ब्लँकेट चांगले आहे, फादर. पण तुम्ही ते घरी आणून दिले असते, तर हा चहा मी तुम्हाला तेव्हाच पाजला असता.” एवढेच त्या बोलल्या. निघताना पदराची गाठ सोडून त्यांनी दिवंगत पतीसाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता दहा रुपये माझ्यापुढे धरले. मला ते घ्यावेसे वाटेनात. पण नाकारले असते तर दुसरा अपमान झाला असता. मी ते घेतले.

वृद्धांची सेवा कशी करावी हे पुढे मी ज्या स्त्रीच्या चरित्रातून शिकलो, तिची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. जीन जुगान ही फ्रान्स देशातील ब्रिटनी प्रांतात, कांकाल नावाच्या समुद्रकाठच्या गावी १७९२ साली जन्मली. बाप दर्यावर्दी, तो समुद्रावरून परतलाच नाही. मुलीने दुसऱ्यांच्या घरी मोलकरणीचे काम केले. १८३९ सालच्या हिवाळ्यात, वयाच्या ४७व्या वर्षी, तिने ॲन शोव्हँ नावाच्या एका अंध व लुळ्या झालेल्या वृद्धेला आपल्या घरी आणले आणि आपला स्वतःचा बिछाना तिला दिला. तिला पाठुंगळीस घेऊन ती जिना चढली, असे परंपरा सांगते. पाठोपाठ दुसरी म्हातारी आली, तिसरी आली, आणि घर अपुरे पडू लागले.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. या म्हाताऱ्यांपैकी कित्येकजणी पूर्वी दारोदार भीक मागत. जीनने त्यांना विचारले की, तुमची नेहमीची घरे कोणती? मग हातात टोपली घेऊन ती स्वतः त्या घरांपुढे उभी राहिली. म्हातारीच्या वाट्याचा नकार आणि तिच्या वाट्याची शरम या बाईने आपल्या अंगावर घेतली. मी त्या रविवारी नेमके याच्या उलट केले होते: दात्याचा मान दात्याला पोहोचवला आणि शरम तेवढी म्हातारीच्या पदरात घातली.

जीनचा संघ ‘गरिबांच्या लहान भगिनी’ या नावाने पसरला. मुंबईत अंधेरी येथेही त्यांचे वृद्धांसाठी घर आहे. १८७९ साली ती वारली, तेव्हा संघात सुमारे २४०० भगिनी होत्या. आणि गंमत पाहा, आपल्या संघाची मूळ संस्थापिका हीच, हे त्यांपैकी अनेकींना ठाऊकही नव्हते. तिला कित्येक वर्षे बाजूला सारण्यात आले होते आणि तिने तक्रार केली नाही. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद दिले.

आता आपल्या यादीकडे वळू. यादीत प्रथम ब्लँकेट आहे. ब्रिटनीच्या हिवाळ्यात त्याचे महत्त्व मोठे. परंतु आपल्या वसईच्या किनाऱ्यावर नाताळात थंडी ती किती! आपल्या म्हाताऱ्यांचा खडतर काळ डिसेंबर नव्हे, तो आषाढ-श्रावण होय. कौले गळतात, अंगणात शेवाळ धरते, पाय घसरून कमरेचे हाड मोडते, दम्याने रात्र बसून काढावी लागते, आणि औषध आणावयास कोणी नसते. त्या महिन्यांत आपले दान कोठे असते? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिवस सुरू केला, तो जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. संत ज्योकिम आणि संत ॲना यांच्या सणालगत तो धरला आहे हे खरे. पण आमच्या पावसाचा विचार करूनच तो नेमला असावा, असे मला दरवर्षी वाटते.

यादीत दुसरे आहे ते फराळाचे: करंज्या, केक, फुगे. सणाचा घास कोणाच्याही मुखी पडावा, यास माझी ना नाही. पण ज्याला दात नाहीत त्याला कडक करंजी, आणि ज्याला मधुमेह आहे त्याला केक, असे देताना निदान एकदा विचारावे तरी. एका आजोबांकडे मागील खेपेस एकाच आठवड्यात पाच मंडळांचे पाच केक आले. सहावा माणूस मी. आजोबांनी त्यांतील दीड केक मलाच बांधून दिला!

आणि यादीत जे नाही ते सांगतो. शासनाची श्रावणबाळ योजना आहे. ६५ वर्षांवरील निराधारांना तीतून २०२३ सालापासून दरमहा १५०० रुपये मंजूर झाले. पूर्वी ते १००० होते. या योजनेला श्रावणबाळाचे नाव देऊन सरकारने आम्हां लेकरांना शालजोडीतलाच दिला आहे. पण ही रक्कम मिळवावयास उत्पन्नाचा दाखला लागतो, वयाचा पुरावा लागतो, बँकेचे खाते आधार क्रमांकाशी जोडावे लागते, हयातीचा दाखला वेळच्या वेळी द्यावा लागतो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी दोन रिक्षा बदलून जावे, आणि तेथे तिचे बोटाचे ठसे यंत्राने ओळखू नयेत, कारण आयुष्यभर वाडीत खपून ते झिजलेले! तिच्याबरोबर एखादा शिकलेला तरुण अर्धा दिवस रांगेत उभा राहील, तर त्याच्या त्या अर्ध्या दिवसाची किंमत वर्षाला १८,००० रुपये होते. इतके मोठे दान आपल्या पेटीत अजून कोणी टाकलेले नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट. आईबापांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा आहे. मुले सांभाळीत नसतील तर वृद्धांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. माझ्या आठवणीत अशा वाटेने जावयास एकही आई तयार झाली नाही. “पोराचे नाव कागदावर नको, फादर,” असे त्या म्हणतात. ते पोर मात्र नाताळात मंडळाला देणगी देते आणि तिची पावती मागून घेते. मी कोणाचे नाव घेत नाही. ज्याच्या घरी आई आहे, त्याने आधी तिच्या खोलीत जावे. पेटी कोठे पळून जात नाही.

कोणी म्हणेल, आमच्या घरच्या वृद्धांना काही कमी नाही, मुलगा परदेशातून पैसे पाठवितो. होय, आणि ती आई संध्याकाळी दार उघडे टाकून बसते, ते वारा यावा म्हणून नव्हे. माझ्या यादीत तिचेही नाव आहे.

मला एक सुचवावयाचे आहे. ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतात वृद्ध माणसे शोधाल तर ती गोठ्यापाशी आढळत नाहीत. ती मंदिरात आढळतात, बाळ चाळीस दिवसांचे झाल्यावर. शिमोन आणि ८४ वर्षांची विधवा हन्ना. सगळी धामधूम सरली, मेंढपाळ आपल्या कळपांकडे गेले, त्यानंतर त्यांची वेळ आली. आणि त्यांना कोणी काही वाटले नाही. बाळाला हातांत घेऊन आशीर्वाद त्यांनीच दिला. तो सण आपण २ फेब्रुवारीला मेणबत्त्या घेऊन साजरा करतो. तोवर आपल्या गावातील गोठे उतरलेले असतात, ताऱ्यांचे कंदील माळ्यावर गेलेले असतात.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी संत विन्सेंट दि पॉल यांच्या नावाने संस्था काढली, तिचे सभासद दोघादोघांनी गरिबांच्या घरी जातात. तीच रीत आपण धरू. या महोत्सवी वर्षात २ फेब्रुवारीपासून प्रत्येक वृद्धाच्या घरी दोघांनी जावे, एक प्रौढ आणि एक तरुण; पंधरा दिवसांतून एकदा, पुढच्या नाताळपर्यंत. जाताना हात रिकामे असले तरी चालतील, पण चहा दिला तर तो प्यावाच. मे महिना संपण्यापूर्वी कोणाच्या छपराची किती कौले फुटली आहेत ते मला कळवावे. रोषणाईसाठी जमलेल्या रकमेतून काही भाग कौलांकडे वळविण्यास मंडळाने काल रात्री संमती दिली आहे; देऊळ यंदा थोडे कमी उजळेल.

ज्यांना हे काम पत्करावयाचे आहे त्यांनी मिस्सानंतर माझ्या खोलीवर येऊन आपली नावे द्यावीत. ती नावे वेदीवरून वाचली जाणार नाहीत, आणि ज्यांच्या घरी जावयाचे त्यांचीही नाहीत.