मेंदूच्या दुखापतीचे वय



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शवविच्छेदनगृहांत डोक्याच्या दुखापतीने गेलेली माणसे बाराही महिने येतात. पुणे-बंगळुरू महामार्ग, गळीत हंगामात रात्री धावणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, बांधावरून उपसलेल्या काठ्या ही कारणे आपल्याला पाठ आहेत. मृत्यू कशाने झाला हे आपण बहुधा नीट लिहितो. दुखापत कधीची, या प्रश्नावर मात्र ‘ताजी’ किंवा ‘जुनी’ एवढ्या एका शब्दावर भागवले जाते. हा शब्द आपण सोडावा आणि त्या जागी कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती अशी मुदत कारणांसह लिहावी, एवढेच आज मला मांडायचे आहे.

समजा, दारूची सवय असलेला एक ऊसतोड मजूर दगावला. दोन दिवसांपूर्वी फडात मारामारी झाली होती आणि ड्युराखाली, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाखाली, रक्त साठलेले सापडले. मारणाऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल होतो. मन्रो आणि मेरिट यांनी १९३६ साली दाखवले, की अशा रक्ताला ड्युराच्या बाजूने चार-पाच दिवसांत तंतुपेशींचा पातळ थर धरतो आणि आठवड्याभरात तो जाड होत जातो. मेंदूच्या बाजूचा पडदा यायला दोन-तीन आठवडे लागतात. दोन्ही बाजूंचे पडदे असतील, तर या रक्तस्रावाची सुरुवात परवाच्या मारामारीत झालेली नाही. त्या पडद्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या आपोआपही फुटतात, त्यामुळे रक्ताच्या जुन्या गोळ्यात ताजे रक्त दिसले म्हणून दुसरा मार सिद्ध होत नाही. तसा तो नाकारलाही जात नाही. मेंदूतही क्रम असतो. पहिल्या दिवसात न्यूट्रोफिल पेशी जमतात, मग मॅक्रोफेज येतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्यात लोहाचे रंगद्रव्य पर्ल्सच्या निळ्या रंगाने दिसू लागते. फाटलेल्या ॲक्सॉनचे गोळे नेहमीच्या रंगात दिसायला बारा ते चोवीस तास लागतात, बीटा-एपीपी या प्रथिनाच्या तपासणीत ते दोन-तीन तासांतच दिसू शकतात. पण ऑक्सिजनअभावीही ती तपासणी सकारात्मक येते, म्हणून खुणांची मांडणी कशी आहे हे पाहावेच लागते.

यावर मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप असा, की हे कोष्टक माणसागणिक ढळते. ते खरेच आहे. वय, यकृताचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे यांनी वेग बदलतो. त्याहून मोठा फरक व्हेंटिलेटर पाडतो. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की पेशी तिथे पोचतच नाहीत. रुग्ण पाच दिवस यंत्रावर असला तरी जखम पहिल्या दिवशीचीच दिसू शकते. पण या अनिश्चिततेमुळेच मुदत रुंद ठेवून तिचे कारण लिहायचे असते; एका शब्दात ती अनिश्चितता नुसती झाकली जाते. रुंद मुदतीचा फायदा आरोपीच्या वकिलाला मिळेल असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली आपण तज्ज्ञ म्हणून उभे राहतो, आणि मताबरोबर त्याचा आधार न्यायालयापुढे ठेवावा असे सर्वोच्च न्यायालयाने रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या २००९ च्या निकालात सांगितले आहे. आधाराविना लिहिलेला ‘ताजी’ हा शब्द उलटतपासणीत टिकत नाही. शिवाय ज्याने मारले नाही, त्याची सुटका हेही आपलेच काम आहे.

ग्रामीण रुग्णालयात हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. तिथे सूक्ष्मदर्शकाची अपेक्षा नाही. योग्य तुकडे घेऊन ते पाठवणे एवढीच आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडला आणि साताऱ्यातही महाविद्यालये आहेत. अखंड मेंदू फॉर्मेलिनमध्ये पक्का व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि नातेवाईक तोवर थांबू शकत नाहीत. त्यांचे दुःख समजून घेतलेच पाहिजे. अशा वेळी जखमेची कड, कॉर्पस कॅलोसम, मेंदूदेठ आणि रक्ताच्या गोळ्यासकट ड्युरा यांचे तुकडे पुरतात. ड्युरा धुऊन टाकली की सर्वांत बोलका पुरावा नाल्यात जातो. पोलिसांकडूनही आपण तीन वेळांच्या नोंदी लेखी मागून घ्याव्यात: दुखापतीची सांगितलेली वेळ, रुग्णालयात दाखल केल्याची वेळ आणि व्हेंटिलेटर लावल्याची वेळ. मत देण्याआधी त्या तिन्ही आपल्या टेबलावर असल्या पाहिजेत आणि तुकड्यांसोबतच्या पत्रातही गेल्या पाहिजेत.