पक्ष म्हणजे कोण?



निवडणुकीत घरोघर चिठ्ठ्या वाटायला आपण जातो, पण ज्याच्यासाठी फिरतो तो पक्ष चालतो कसा, हे कोणी सांगत नाही. म्हणून मीच थोडे वाचले.

१९२० साली नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. वर्षाला चार आणे भरा, ध्येय मान्य करा, की झालात सभासद. मग तालुका, जिल्हा, प्रांत अशा चढत्या समित्या, प्रांतही भाषावार. भाजीच्या पैशांतून चार आणे वाचविणाऱ्या बाईलाही, निदान कागदावर, पक्षात मत मिळाले!

१९६९ मध्ये हाच पक्ष दुभंगला. बैलजोडी कोणाची? निवडणूक आयोगाने आमदार, खासदार, महासमितीचे सदस्य यांची संख्या पाहिली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची ती कसोटी उचलून धरली. चार आणेवाल्यांना कोणी मोजले नाही. २०२३ मध्ये शिवसेनेच्या धनुष्यबाणाचा निकाल देताना तर आयोगाने पक्षाची घटनाच लोकशाहीला धरून नाही असे म्हटले, आणि आमदार-खासदारांच्या पाठबळावर निर्णय दिला.

आता कोणी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन दारी आले, तर चहा जरूर देईन. पण आधी विचारीन, ‘तुमच्या तालुका समितीची निवडणूक शेवटची कधी झाली हो?’