नास्तिकाचे सांगणे, आस्तिकाचे ऐकणे
(हीरक महोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



ईश्वर आहे की नाही, हा वाद या देशाला नवा नाही. त्या वादाच्या पोटात दडलेला दुसरा एक प्रश्न मात्र क्वचितच चर्चिला जातो. समजा, ईश्वर नसल्याचा निर्विवाद पुरावा एखाद्याच्या हाती लागला. तर तो त्याने श्रद्धावंतांना सांगावा का? सांगितल्याने त्यांचे काही हित होईल, की केवळ सांगणाऱ्याचा बुद्धीचा अहंकार सुखावेल? सुशिक्षित घरांत हा प्रश्न दोन पिढ्यांच्या मध्ये मूकपणे उभा असतो. शाळा मुलांना ‘का?’ विचारायला शिकवते. त्या ‘का’ने देवघराच्या उंबरठ्याबाहेरच थांबावे काय, असा हा पेच आहे.

भारतीय दर्शनांनी या बाबतीत संकोच केला नाही. ईश्वर प्रमाणांनी सिद्ध होत नाही, असे सांख्यांनी स्पष्टपणे मांडले. मीमांसक कुमारिल भट्टांनी वेदांचे प्रामाण्य हिरिरीने राखले, पण सृष्टिकर्ता ईश्वर नाकारला. उलट बाजूने उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी ‘न्यायकुसुमांजली’ रचली. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे, ही शास्त्रचर्चेची शिस्त होती. या परंपरेतून दोन गोष्टी हाती लागतात. ईश्वराचा नकार श्रद्धावंतांसमोर उघडपणे उच्चारला जात असे. आणि त्या नकाराने कर्तव्यबुद्धी कोसळत नसे. ईश्वर न मानणारा मीमांसक आपले विहित कर्म निष्ठेने करीतच राही.

पण पंडितांची सभा वेगळी आणि दुःखाने पिचलेला सामान्य माणूस वेगळा. त्याला हे सांगावे का, याचे उत्तर शोधताना गेल्या शतकातील एक संवाद फार मोलाचा ठरतो. गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच ‘गोरा’ (1902–1975), हे आंध्रातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ईश्वरकल्पनेवर लिहिलेल्या लेखामुळे 1933 साली काकिनाड्याच्या महाविद्यालयातील त्यांची नोकरी गेली. पुढे प्राध्यापकी कायमची सोडून त्यांनी 1940 साली कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूरू या खेड्यात नास्तिक केंद्र स्थापले. तेथे त्यांनी प्रौढांना अक्षरओळख करून दिली, अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजने घडवून आणली.

गोरांना गांधीजींशी बोलायचे होते. 1941 साली गांधीजींनी भेट नाकारली. नास्तिक्याचा प्रसार आजवर कोणाला साधलेला नाही. गोरांना जे यश मिळाले ते भोवतालच्या लोकांत केलेल्या मनःपूर्वक कामाचे आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी कळवले. तो नकार होता, पण त्यात एक मर्मही होते. लोक युक्तिवादामागचा माणूस पाहतात आणि मग ऐकायचे की नाही ते ठरवतात, हे गांधीजींनी नेमके ओळखले होते.

अखेर 1944 च्या उत्तरार्धात वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात भेट झाली. गोरांनी तेथे ईश्वराविरुद्ध तर्कशास्त्रातील प्रमेये मांडली नाहीत. बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर पाहिलेले दृश्य त्यांनी सांगितले: मिठाई आणि फळांनी भरलेल्या दुकानांच्या शेजारी उपाशी माणसे मरून पडत होती. आपले मरण हे आपलेच प्राक्तन, असे मरणाऱ्यांना वाटत होते आणि पाहणाऱ्यांनाही. ही समजूत सुटली असती, तर ती माणसे अशी निमूट मेली नसती, असे गोरांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते लक्षपूर्वक ऐकले. आपले आस्तिक्य बरोबर की गोरांचे नास्तिक्य चूक, हे आपण सांगू शकत नाही. दोघेही सत्याचे शोधक आहोत, या भूमिकेवर ते आले. ‘ईश्वर हेच सत्य’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे ते 1931 पासून म्हणत होतेच. ईश्वर नाकारणाराही सत्य नाकारत नाही, हे त्यामागील एक कारण होते.

या संवादाने गांधीजी नास्तिक झाले नाहीत आणि गोरा आस्तिक झाले नाहीत. तरीही तो व्यर्थ गेला नाही. गोरांच्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरला, तेव्हा तो सेवाग्रामला लावण्याचे गांधीजींनी मान्य केले. विधीमध्ये ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्यासही त्यांची संमती होती. विवाह मार्च 1948 मध्ये सेवाग्रामलाच झाला. त्या वेळी गांधीजी हयात नव्हते. या सहवासाची हकीकत गोरांनी लिहिली आणि ती 1951 साली अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनाने, म्हणजे गांधीजींच्याच संस्थेने, प्रसिद्ध केली.

यावर एक गंभीर आक्षेप उरतो. ज्या मातेचे मूल गेले आहे, तिचा एकमेव आधार काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? हा आक्षेप करुणेतून येतो आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. शोकाची वेळ ही वादाची वेळ नव्हे. परंतु ‘तिला सत्य झेपणार नाही’ असे कायमचे ठरवून टाकणे, ही करुणा राहत नाही. ते तिला अजाण लेखणे होते. गांधीजींना ऐकवण्याजोगे आहे असे गोरांना वाटले, कारण त्यांनी गांधीजींना बरोबरीचे मानले. तोच मान घरातील श्रद्धावंतालाही मिळायला हवा.

म्हणून सांगावे, हेच उत्तर योग्य ठरते. मात्र त्याला दोन अटी आहेत. ज्याला सांगायचे त्याच्या दुःखात, कष्टांत आणि कामात सांगणाऱ्याचा वाटा असला पाहिजे. श्रद्धा जो आधार देत होती, त्यातला काही भार आपल्या खांद्यावर घेण्याची तयारी नसेल, तर आधार काढण्याची घाईही नसावी. आणि ज्याला सांगायचे, त्याचा पूर्वपक्ष आधी मन लावून ऐकला पाहिजे. आजी रोज पहाटे फुले का वेचते, हे नातवाने तिला कधी विचारलेच नसेल, तर त्याचा पुरावा कितीही बिनतोड असो, त्याचे सांगणे अर्धेच राहील. पालकांवरही तितकीच जबाबदारी येते: मुलाने ‘मला पटत नाही’ असे म्हटले, तर त्याला उद्धट न ठरवता त्याची कारणे ऐकून घ्यावीत.

मराठी मुलुखाबाहेर मराठी शाळा साठ वर्षे टिकते, ती भोवतालच्या अनेक भाषांशी आणि पंथांशी बोलत राहिल्यानेच. परक्याशी बोलण्याचा हा सराव या शाळेच्या मुलांना आहे. आपल्याच घरात, आपल्याहून वेगळे मानणाऱ्या माणसाशी तितक्याच आदराने आणि मोकळेपणाने बोलता येणे, एवढीच त्याची पुढची पायरी आहे.