हजार विटांचा भाव

बालमजुरी म्हटली की आपल्याला शिवकाशीचे फटाके आठवतात. ते गाव लांब आहे, म्हणून आठवायला सोपे जाते. मी आज आपल्या घरांच्या भिंतींविषयी बोलणार आहे.

टिटवाळ्यापलीकडे, भिवंडी-शहापूरच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा कातकरी कुटुंब मालकाकडून उचल घेते. दिवाळीनंतर सगळे बिऱ्हाड भट्टीवर येते, ते पावसाच्या तोंडापर्यंत. मुलांचे शाळेचे वर्ष तिथेच जाते. आठवड्याला खर्ची मिळते. मजुरी ठरते हजार विटांमागे, नवराबायकोच्या जोडीची. कच्च्या विटा उन्हात उलटायच्या, वाळल्या की रचायच्या, हे काम पोरांकडे येते. त्यांनी हात लावलेली वीट मोजली जाते, त्यांचे नाव वहीत चढत नाही. आणि हंगामाअखेर हिशेबाला बसले की पुष्कळदा उचल फिटलेली नसते. बाकी अंगावर राहते.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपवली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने बंदी केली. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावण्याची सवलत तिच्यात आहे, पण भट्टी काही त्या कातकऱ्याच्या घरची नसते.

मुलांच्या कामावर कायद्याची मर्यादा हा प्रश्न जुना आहे. आपल्या ठाण्यात १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे जन्मले. त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली त्या काळात, १८८१ च्या कायद्यानुसार, सात वर्षांच्या मुलाला गिरणीत रोज नऊ तास राबवता येत होते! त्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हेही खरे. म्हणून त्याने झालेली सात वर्षांखालच्या मुलांची सुटका नकोशी ठरत नाही.

मला नेहमी विचारतात, पोर कामाला लागले नाही तर ते कुटुंब खाणार काय? प्रश्न प्रामाणिक आहे. पण हजारी भाव ठरतो तोच पोरांचे हात गृहीत धरून. दोन मोठ्या माणसांच्या कष्टात कुटुंब जगेल असा भाव दिला, तर आईबाप पोराला भट्टीवर राबवतील कशाला? विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे झोपडीतल्या शाळा, काढल्या, तेव्हा अशीच मुले तिथे शिकायला बसली.

पण म्हणून विटेवर बहिष्कार घाला असे मी म्हणणार नाही. त्याने आधी चूल विझेल ती या कुटुंबांचीच. आणि डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या किमतीत विटेचा वाटा केवढा? भाव वाढला तरी घर घेणाऱ्याला जाणवणार नाही. त्या पोराच्या कष्टाची स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचतही नाही, वाटेतच मुरते.

मग आपल्या हातात काय? सोसायटीची दुरुस्ती निघते, कुंपणाची भिंत बांधायची असते, तेव्हा तीन कोटेशने येतात आणि सर्वांत कमी रकमेवर सह्या होतात. त्या सभेत आपण बसलेले असतो. वीट कोणत्या भट्टीची, हजारी मजुरी काय दिली, तिथली मुले कोणत्या शाळेत जातात, हे कंत्राटदाराने लेखी द्यावे, अशी अट घालायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.