पॉलिहाऊस की शेडनेट?
मावळातली गुलाब, जरबेऱ्याची शेती पाहून अनेकांना पॉलिहाऊस उभारावंसं वाटतं. पण आधी पीक ठरवा, मग सांगाडा. भाजीपाल्याची रोपवाटिका असेल, पाऊस बेताचा असेल, तर शेडनेट पुष्कळदा पुरतं. जरबेऱ्याला मात्र पावसापासून आडोसा हवाच. पॉलिहाऊसचा प्लॅस्टिक कागद 200 मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा घ्या. तोही साधारण 3 वर्षांनी बदलावा लागतो; ते पैसे आजच बाजूला धरा.

आणि मातीतले सूक्ष्म सूत्रकृमी! एकदा गादीवाफ्यात शिरले की मुळांवर गाठी येतात, झाड खुरटतं, आणि औषधं टाकूनही ते पुरते हटत नाहीत. म्हणून वाफ्यांसाठी लाल माती आणण्यापूर्वीच ती तपासून घ्या, विहिरीचं पाणीही. दुपारी पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे उघडायला विसरू नका. आत कोंडलेल्या उष्णतेने ढोबळी मिरचीची फुलं गळतात.