व्याकरणाचा तास आणि अ‍ॅनची डायरी

एरवी या कार्यक्रमात आम्ही बचत गटाचं कर्ज, हप्ते, पापड-कुरडयांचे भाव असलं काही बोलतो. आज व्याकरणावर बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका, शाळेत आम्हालाही हा विषय आवडत नव्हता.

आमच्या पनवेलच्या गटाची जी खोली आहे, ती दुपारनंतर रिकामी असते. तिथे आम्ही आठवी ते दहावीच्या मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. शिकवणारं कुणी मोठं नाही, आमच्यातल्याच दोघी-तिघी बीए झालेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत मुलींकडून दोन गोष्टी करून घ्यायच्या होत्या. एक, वाक्यांचे प्रकार पक्के करणं. मराठीत केवल, मिश्र, संयुक्त वाक्य आणि इंग्रजीच्या पेपरात क्लॉज, म्हणजे आपलं उपवाक्यच. दुसरी, एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं. वाचनालयात अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचा मराठी अनुवाद होता. लिहिणारी मुलगी यांच्याच वयाची, म्हणून तेच घेतलं. मग ठरलं की दोन्ही कामं बरोबरच करायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅन ही ज्यू मुलगी. जन्म 12 जून 1929, जर्मनीत. हिटलरचं राज्य आल्यावर घरचे तिला घेऊन हॉलंडमध्ये गेले, पण जर्मन फौज तिथेही पोचली. तेराव्या वाढदिवसाला तिला एक वही मिळाली. महिन्याभराच्या आत सगळं कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागच्या खोल्यांत लपलं. आठ माणसं, दोन वर्षांहून जास्त काळ. 4 ऑगस्ट 1944 ला ती पकडली गेली. 1945 साली अ‍ॅन छळछावणीत वारली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आठांपैकी एकटे वडील वाचले आणि 1947 साली त्यांनी ती वही छापून आणली. नाझींनी मारलेल्या ज्यूंची संख्या साठ लाखांच्या घरात आहे.

ज्यू म्हणजे कोण, हे पनवेलच्या मुलींना सांगायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आपल्या गावात बेथ एल सिनेगॉग आहे, 1849 सालचं. मुली त्यावरून रोज जातात, पण आत कोण प्रार्थना करतं हे फारशा कुणाला माहीत नव्हतं. अलिबागजवळच्या नवगावला ज्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात, ते हे बेने इस्रायल. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरातली बोली मराठी. 1948 नंतर त्यांतले बरेचजण इस्रायलला गेले, पण त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. पेणकर आडनावाचे ज्यू असतात हे ऐकून मुली हसल्या आणि मग पुस्तक त्यांना जवळचं वाटायला लागलं.

पण आमच्याच गटातल्या एका काकूंनी आम्हाला अडवलं. त्या म्हणाल्या, "अगं, ती पोर मेली ना? मग तिची वाक्यं फळ्यावर घेऊन भाजीसारखी काय चिरताय? मुख्य वाक्य ओळखा, गौण वाक्य ओळखा! तुमच्या घरातलं कुणी गेलं तर त्याच्या चिठ्ठीचं असं कराल का?"

काकू चौथी शिकलेल्या आहेत. पण या विषयावर बीए झालेल्या आमच्यापैकी कुणाला जे सुचलं नव्हतं, ते त्या बोलल्या. त्यानंतर आम्ही तीन नियम केले. पुस्तक वाचताना हातात पेन्सिल नाही. पुरं वाचून झाल्याशिवाय व्याकरण नाही. आणि अ‍ॅनचं एकही वाक्य सरावाला घ्यायचं नाही, गाळलेल्या जागा भरायला तर नाहीच. सरावाची वाक्यं आपण आपली तयार करायची. काकू रोज येऊन मागे बसायला लागल्या, बहुतेक आमच्यावर लक्ष ठेवायला.

आता तुम्ही विचाराल, अशा पुस्तकाबरोबर व्याकरण हवंच कशाला? शाळेत गोष्ट वेगळी आणि व्याकरण वेगळं असतं, तसंच ठेवावं. आम्हालाही आधी ही वेळ वाचवायचीच युक्ती वाटली होती. पण या पुस्तकाच्या मागे जो कारभार होता, तो पुष्कळसा कागदावर आणि भाषेत चालला होता.

20 जानेवारी 1942 ला बर्लिनजवळ वानसे तळ्याकाठच्या एका बंगल्यात पंधरा अधिकाऱ्यांची बैठक झाली. विषय होता, युरोपातल्या सगळ्या ज्यूंचं काय करायचं. त्या पंधरांतल्या आठजणांकडे डॉक्टरेट होती. (शिकलं की माणूस शहाणा होतो, असं आपण गटात सारखं म्हणतो, म्हणून हा आकडा सांगितला.) बैठकीच्या इतिवृत्तात योजनेचं नाव होतं 'अंतिम उपाय' आणि माणसांना 'पूर्वेकडे हलवण्या'ची भाषा होती. इतर सरकारी कागदांत ठार मारण्याला 'विशेष वागणूक' म्हणत. वाचणाऱ्याला वाटावं, कुठल्यातरी खात्याच्या बदल्यांची फाईल आहे.

तेव्हा आम्ही फळ्यावर वाक्य लिहिलं: कारकुनाने वहीत लिहिले की हे लोक पूर्वेकडे स्थलांतरित झाले.

मुलींनी पटकन सांगितलं, मिश्र वाक्य. 'कारकुनाने वहीत लिहिले' हे मुख्य वाक्य. 'की'च्या पुढचं नामवाक्य, म्हणजे नामाचं काम करणारं गौण वाक्य. बरोबर. मग विचारलं, यातलं खरं काय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीच्या लक्षात आलं की मुख्य वाक्य खरं आहे. कारकुनाने लिहिलं, यात खोटं काहीच नाही. खोटं आहे ते 'की'च्या पुढे. आणि 'की'च्या पुढे काहीही ठेवलं तरी व्याकरणाची चूक होत नाही.

हे कळल्यावर आम्ही त्यांना धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची गोष्ट सांगितली. 1 जुलै 2018 ला तिथे पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. मोबाईलवर फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आली आहे. मैत्रिणींनो, तुमच्या माझ्या ग्रुपवर येणारा निम्मा मजकूर 'असं कळतं की', 'असं म्हणतात की' याच घडणीचा असतो. कुणाला कळतं, कोण म्हणतं, ते मुख्य वाक्यात नसतंच. आता आमच्या मुली घरी असं काही आलं की आईला विचारतात, "मुख्य वाक्यात कोण आहे?" दोन आयांनी तक्रारही केली, पोरी उलट बोलायला शिकल्या म्हणून.

दुसरा धडा प्रयोगाचा. 'शिपायांनी दार तोडले' हे वाक्य 'शिपायांकडून दार तोडले गेले' असं करता येतं. व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात. यात कर्ता 'कडून' लावून बाजूला बसतो आणि त्याला काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं. दार तोडले गेले. माणसं नेली गेली. सामान जप्त केले गेले. आम्ही मुलींना अशी दहा वाक्यं दिली आणि प्रत्येकात 'कोणी?' हे शोधून वाक्य सरळ करायला सांगितलं. त्यासाठी पुस्तकात परत जावं लागतं, इतिहास बघावा लागतो. शिपाई सापडतो, कारकून सापडतो, आगगाडी चालवणारा सापडतो. चोरून खाणं आणून देणारे कचेरीतले लोकही सापडतात. त्यांची नावं मुलींनी आपणहून लिहिली.

शब्दांच्या यादीत मात्र आम्ही अडकलो ते 'स्थलांतर' या शब्दापाशी. भूगोलात तो पक्ष्यांसाठी येतो. आपल्या रायगडात कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यालाही स्थलांतरच म्हणतात. विमानतळासाठी ज्यांचं गाव उठलं, अशा घरातली एक मुलगी आमच्याकडे येते. ती म्हणाली, "आमच्या कागदावरही हाच शब्द आहे." खोली एकदम गप्प झाली.

आम्ही तिला सांगितलं की तुझ्या आजीचं घर गेलं, देऊळ गेलं, त्याचं दुःख खरं आहे आणि त्यावर भांडायचा हक्कही खरा आहे. पण दोन्हीकडे शब्द एक असला तरी गोष्ट एक नाही. तिथे माणसं मारण्यासाठी नेली होती. ती लगेच म्हणाली, "मग त्यांच्यासाठी वेगळा शब्द का नाही लिहिला?" काकू मागून म्हणाल्या, "लिहिला असता तर गाडीत कोण बसलं असतं, बाई?"

त्या दिवशी वही बंद केली आणि सगळ्यांना चहा केला.

सुट्टीच्या शेवटी प्रत्येकीनं आपल्या घरातल्या एखाद्या कागदातलं एक वाक्य आणायचं असं ठरलं. नोटीस, विजेचं बिल, रेशनचा फॉर्म, काहीही. त्या मुलीनं आजीच्या ट्रंकेतून जमिनीचा कागद आणला. वाक्य चार ओळींचं होतं, त्यात तीन गौण वाक्यं, आणि कर्ता कुठेच नव्हता. सगळ्यांनी मिळून ते सरळ करायला घेतलं आहे, अजून झालेलं नाही. आजी रोज विचारते, झालं का गं?